ट्रान्सपोजचं बटण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, शाळेतल्या बायकांना नाही, आणि छायाला तर नाहीच. सांगून मोकळं व्हावं असं कधी वाटलंही नाही. मग आज का? खरं सांगायचं तर परवा माझ्या घरी जे झालं त्यामुळे. पण परवावर येण्याआधी बरंच सांगावं लागेल.

ते गाणं तुम्ही ऐकलेलं आहे. नाही म्हणू नका. चंद्रपूर-गडचिरोलीत राहणारा माणूस आणि ते गाणं ऐकलं नाही, असं होत नाही. लग्नात वाजतं, ऑटोत वाजतं, घुग्घुसच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकमध्ये वाजतं. कॉलेजच्या मुली त्यावर हात हलवून व्हिडिओ करतात.

गेला तं जाय ना गा, कोनं धरलं तुले,
एकाचाच चहा ठेवतो, साखर पुरते मले.

आमच्याकडे बाईही ‘ठेवतो’च म्हणते, हे बाहेरच्यांसाठी सांगते. गाण्यात तीन बायकांचे आवाज आहेत. पुढचा, मोठा, मधासारखा जाड आवाज प्रणिताचा. मागून ‘पुरते, पुरते’ म्हणणाऱ्या दोघी म्हणजे छाया आणि मी. कीबोर्डही माझाच. चंद्रपूरच्या स्टुडिओवाल्याने त्यात चर्चमधल्यासारखा ऑर्गनचा आवाज घातला, टाळ्या घातल्या, चाल संथ केली आणि म्हणाला, याला सोल म्हणतात, आता हे चालणार. मला त्या नावातलं काही कळलं नाही. पण चाललं. असं चाललं की आम्हाला तिघींना लोक नावाने ओळखेनात, ‘साखरवाल्या’ म्हणू लागले.

त्याआधी आम्ही भीमगीतं गात होतो. माझे वडील पेटी वाजवायचे, त्यांच्याकडून मी शिकले. शाळेत क्लार्कची नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी जयंती, पौर्णिमा, नामकरण, लग्न — बोलावतील तिथे. छायाचा नवरा दिलीपभाऊ ऑक्टोपॅडवर ताल धरायचे. प्रणिता आमच्यात सगळ्यात लहान, माझ्याहून दहाएक वर्षांनी. मला ताई म्हणायची, आजही म्हणते.

आता त्या ओळींबद्दल. त्या माझ्या आहेत.

म्हणजे मी कविता केली असं नाही. मला कविता येत नाही. माझा नवरा सिमेंटच्या कारखान्यात होता. एक दिवस तो दुसऱ्या बाईकडे राहायला गेला आणि परत आला नाही. रडारड मी केली नाही. त्याचे कपडे पिशवीत भरून त्याच्या भावाकडे पोहोचवले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. शेजारीपाजाऱ्यांनी विचारलं तर त्याची बदली झाली म्हणून सांगायचे. कुणाला पटत होतं की नाही कोण जाणे, पण विचारणं तरी थांबलं होतं. एका तालमीच्या दिवशी छाया यायची होती, आम्ही दोघीच माझ्या स्वयंपाकघरात होतो, आणि प्रणिताने सरळ विचारलं, “ताई, एकटं एकटं कसं वाटते तुमाले?” तिलाच मी पहिल्यांदा खरं सांगितलं. कसा गेला, कुणाकडे गेला, सगळं. आणि शेवटी म्हटलं, “वाटाचं काय त्यात. एकाचाच चहा ठेवतो. साखर पुरते मले.”

मी साखरेबद्दल बोलत होते. तिने त्याचं गाणं केलं.

तिने मला सांगितलं नाही का? सांगितलं — मुखडा बांधून झाल्यावर, स्टुडिओच्या पायऱ्यांवर. “ताई, तुमचं ते वाक्य घेतलं बरं मी. लय भारी हाय.” मी काय केलं? आत गेले आणि वाजवलं. हे मी लपवणार नाही. नको म्हणायला तोंड होतं, मी ते उघडलं नाही.

गाण्यावर माझा राग नव्हता. गाणं चांगलंच आहे. राग होता निवेदनाचा.

आमच्याकडे गायिका गाण्याआधी दोन शब्द बोलते. कुठून सुचलं, कुणासाठी आहे. भीमगीतांच्या कार्यक्रमातली ही जुनीच रीत. त्या रीतीने प्रणिता त्या गाण्याआधी माईक घेऊन म्हणायची, “हे गानं खरं हाय बरं का. आमच्या या ताई बसल्या ना कीबोर्डवर, त्याइचं हाय.” आणि हात माझ्याकडे. सगळा मंडप माझ्याकडे वळून बघायचा. बायका हळहळायच्या, बाप्ये हसायचे. मी खाली मान घालून सूर धरायचे. हे प्रत्येक गावात. प्रत्येक गावात मला पुन्हा सोडून दिलं जायचं, माईकवरून.

तिला वाटायचं ती माझा मान करते आहे. मी एकदा म्हटलं, “प्रणिता, माझं नाव घेऊ नको.” ती हसली. “अवो ताई, लोकायले खरं आवडते. तुमच्यामुळंच तं चालून राह्यलं गानं.” त्यानंतर मी पुन्हा सांगितलं नाही.

मग ते लग्न झालं. भद्रावतीकडचं, मोठं. वाजवता वाजवता वर पाहिलं तर समोर पाहुण्यांत माझा नवरा बसलेला, नव्या बायकोसकट. प्रणिताला तो ओळखू आला नाही, तिने त्याला कधी पाहिलेलंच नव्हतं. तिने नेहमीप्रमाणे सांगितलं, नेहमीप्रमाणे हात केला. तो हसला. बाजूच्या माणसाच्या कानात काहीतरी बोलला, तोही हसला. नंतर जेवणाच्या रांगेत तो माझ्यामागे येऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “काऊन, पुरते ना साखर तुले? का पाठवू पोतंभर?” रांगेतले लोक हसले. माझ्या ताटात तेव्हा भात पडत होता. मी ताट घेऊन पुढे गेले, पूर्ण जेवले, हात धुतले.

त्या दिवशी मी ठरवलं. काय ठरवलं? ते नीट सांगितलं नाही तर तुम्हाला ते लहानसं वाटेल.

कीबोर्डवर एक बटण असतं, ट्रान्सपोजचं. ते दाबलं की वाजवणाऱ्याची बोटं जिथल्या तिथे राहतात आणि सूर मात्र वर किंवा खाली सरकतो. गाणाऱ्याला पट्टी बदलून हवी असली तर वाजवणाऱ्याला त्रास नको, म्हणून ती सोय. किती सरकला त्याचा आकडा छोट्याशा पडद्यावर दिसतो. तो पडदा वाजवणाऱ्याकडे असतो. गाणाऱ्याची त्याकडे पाठ.

आणि आमच्याकडे गाणारे कानाने गातात. कुणी क्लास केलेला नसतो. पेटीवाला जो सूर देईल तो धरायचा आणि निघायचं. प्रणिताची पट्टी पांढरी चार, म्हणजे पेटीवरची चौथी पांढरी. पण हे मला माहीत, तिला नाही. ती फक्त म्हणायची, “ताई, माहा सूर द्या.” मी द्यायचे. इतकी वर्षं दिला होता. वडील सांगायचे, पेटीवाल्याच्या हातात गाणाऱ्याचा गळा असतो, जपून धर. मी ते वाक्य लक्षात ठेवलं होतं. फार चांगलं लक्षात ठेवलं होतं.

पहिल्या कार्यक्रमाला मी सूर एक घर, म्हणजे पडद्यावरचा एक आकडा, वर दिला. फक्त साखरेच्या गाण्याला दिला असता तर तिला शंका आली असती. म्हणून सगळ्याच गाण्यांना. तिने गायलं, काही बोलली नाही, उतरल्यावर खाकरली. पुढे काही कार्यक्रम तसेच जाऊ दिले. मग दोन घरं. आता ती वरच्या जागेला मान ताणायची. गळ्याच्या शिरा दिसायच्या. मी मागून बघत होते, तिची मान मला अगदी समोर दिसायची. मला ते बघायला आवडायचं. असं लिहिताना हात थांबायला हवा ना? नाही थांबत.

ती घाबरली. दही सोडलं, लोणचं सोडलं, थंड पाणी सोडलं. घुग्घुसच्या धुळीने गळा गेला असं तिच्या सासूने सांगितलं, तेव्हापासून तोंडाला ओढणी बांधून फिरू लागली. मी काय केलं? मी तिला ज्येष्ठमधाच्या काड्या आणून दिल्या. चघळत राहा म्हटलं. तिने माझे हात धरले.

एकदा तिने विचारलं, “ताई, घरी मोबाईलवर गानं लावून म्हनतो तं बरोबर येते. स्टेजवरच काऊन होत नाई?”

पकडलीच होती तिने. फक्त तिला ते कळलं नाही. मी म्हटलं, “घरी आपण हळू म्हणतो. स्टेजवर जोर लागतो, खरा गळा तिथेच कळतो.” तिने मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवण्याची तिला सवय होती. चंद्रपूरला गळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन आली. त्याने नळी घालून पाहिलं, गळा साफ आहे म्हणाला. मी म्हटलं, डॉक्टरला गाण्यातलं काय कळतं? तेही तिला पटलं.

आणि निवेदन? ते चालूच होतं. गळा दुखत असताना, आवाज फाटत असताना, ती माईक घेऊन माझ्याकडे हात करतच होती. मी दर वेळी वाट बघायचे. आज नाही केलं तर उद्या सूर खाली आणीन, असं मनाशी म्हणायचे. ती करायची. मी वर न्यायचे. एवढा साधा हिशोब होता, फक्त तो एकीलाच माहीत होता.

धानोऱ्याला बचत गटांच्या बायकांचा मेळावा होता. भर दुपारचा कार्यक्रम. जंगलातल्या गावांतून बायका आलेल्या, तेंदूपानं तोडणाऱ्या, मोहफुलं वेचणाऱ्या. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. आणि सगळ्या बायकांना गाणं पाठ. आम्ही चढलो तेव्हाच ‘पुरते, पुरते’ सुरू झालं होतं. प्रणिता खुलली. त्या दिवशी तिने निवेदन जरा लांबवलं. नवरा कसा गेला, ताईने कपडे कसे पोहोचवून दिले, सगळं. हे कपड्यांचं तिने आजवर कधी सांगितलं नव्हतं. ते मी फक्त तिलाच सांगितलेलं होतं.

मी बटण चारवर नेलं.

मुखडा तिने कसाबसा काढला. अंतऱ्यातून परत येताना ‘साखर’वर एक लांब वरची जागा आहे, सगळं गाणं तिथे उभं आहे. ती त्या जागेकडे गेली आणि आवाज फाटला. फाटला म्हणजे कागद फाटतो तसा, माईकवर, सगळ्यांसमोर. बायकांना वाटलं भरून आलं तिला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा आवाज आलाच नाही, नुसता श्वास. आता टाळ्या थांबल्या. पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, “पोरी, पानी पेऊन घे वो.” कुणीतरी हसलं. मी कीबोर्डवरचे हात उचलले. नुसता ऑक्टोपॅड चालू राहिला.

ती माझ्याकडे वळली. तिच्या नजरेत संशय असता तर मला बरं वाटलं असतं का? माहीत नाही. संशय नव्हता. माईक खाली धरून म्हणाली, “ताई, तुमीच म्हना.”

आणि हे ऐका, कारण सगळ्यात वाईट हेच आहे. सूर चढवला हे वाईट, पण हे त्याहून. मी बटण दाबून चारचं शून्य केलं. मग तिचाच सूर धरला, तिच्या हक्काची पांढरी चार, आणि ती जागा गायले. सहज गायले. माझा गळा काही विशेष नाही, पण त्या पट्टीत ती जागा कुणालाही येते. मंडप उभा राहिला. बायका नाचल्या. आणि प्रणिता माझ्या शेजारी उभी राहून ऐकत होती. तिच्या डोक्यात काय बसलं ते मला तिथेच दिसत होतं — जे मला जमलं नाही ते पन्नाशीकडे चाललेल्या या बाईला जमलं, म्हणजे माझा गळा संपला.

मला काय वाटलं? फार बरं वाटलं. माझे शब्द माझ्या तोंडात परत आले होते.

परतताना जीपमध्ये छाया सहज म्हणाली, “ताई, आज तुमी म्हनलं तवा गानं लय सोपं वाटलं.” मी म्हटलं, “बायका संगं म्हणत होत्या ना.” दिलीपभाऊ पुढे झोपले होते. प्रणिता खिडकीशी, तोंडाला ओढणी. ती ओढणी जरा खाली करून म्हणाली, “बरं झालं ताई, तुमी होत्या.”

त्यानंतर ती गायली नाही. एक-दोन ठिकाणी आम्ही दुसरी मुलगी नेऊन पाहिली. लोकांना तोच आवाज हवा होता. आमची गाण्याची पार्टी मोडली. प्रणिता आता घुग्घुसला कापडाच्या दुकानात कामाला आहे. हळू बोलते, गळा जपते. पौर्णिमेला विहारात वंदना असते, सगळ्या मोठ्याने म्हणतात, ती नुसते ओठ हलवते. मी तिच्या बाजूला बसते. गेली कितीतरी वर्षं बसते. तिच्याकडून आवाज येत नाही हे मला एकटीलाच कळतं, कारण तो काय होता हे मला माहीत आहे.

तुम्ही विचाराल, नवऱ्याचं काय केलं? काही नाही. सोडून तो गेला, रांगेत हसला तो, पोतंभर साखर पाठवायला निघाला तो. त्याला मी एक शब्द बोलले नाही. माझा हात त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता. प्रणिता मात्र कीबोर्डच्या पुढे उभी असायची.

आता परवाचं.

प्रणिता तिच्या मुलीला घेऊन आली. मैत्री नाव, दहावी झाली. शाळेत गाते, बक्षिसं मिळाली, तिला शिकायचं आहे. प्रणिता दारातच म्हणाली, “तुमीच एकदा पाहून सांगा, ताई. तुमच्याबिगर कोनाचा भरोसा नाई मले.” मी मुलीला बसवलं. काय म्हणतेस विचारलं, तर हसली आणि तेच गाणं सुरू केलं. मी सूर खरा दिला. तेवढं सांगते, तिला खरा दिला. आवाज आईपेक्षा मोकळा आहे. वरच्या जागेला ती अशी गेली की मी वाजवायची थांबले. आणि तिथे पोहोचताना तिने हात केला, माझ्याकडे, आईसारखा. जुन्या व्हिडिओत बघून शिकली असणार. तिला त्यातलं काही माहीत नाही.

प्रणिता गाण्याकडे बघतच नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती. संपल्यावर तिने मुलीला पाणी आणायला आत पाठवलं आणि हळूच विचारलं, “ताई, खरं सांगा. माह्यासारखा तं नाई होनार ना इचा गळा? होनार असंन तं आत्ताच थांबवतो. माही झाली तशी फजिती नको पोरीची.”

एक वाक्य पुरलं असतं. तुझ्या गळ्याला काही झालेलं नव्हतं — एवढं म्हटलं असतं तर तिला तिचा आवाज परत मिळाला असता आणि मुलीला तिचा. वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर तो हात होता.

मी म्हटलं, “गळ्याचं आधी सांगता येत नाही. आईकडून येतं बऱ्याचदा.”

तिने डोळे मिटले, उघडले, आणि बरं म्हणाली. मुलगी पाणी घेऊन आली. मग मीच म्हटलं की गाण्याच्या मागे लागण्यापेक्षा हातात काहीतरी असलेलं चांगलं. सोमवारपासून मैत्री टायपिंगच्या क्लासला जाणार आहे. क्लास चांगला आहे, मास्तर शिस्तीचा आहे. पत्ता मीच दिला.